तट्टीचं दुसरं टोक

माझ्या बायकोनं, कौसल्यानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तट्टी उचलली. कडाक्याची थंडी, उजाडलेलं नव्हतं. आंगणात बुरडाकडून विणून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्या मांडलेल्या आणि त्यांवर तांदळाच्या पापड्या. तट्टी माणसापेक्षा लांब असते, एकट्यानं उचलत नाही. एक टोक तिनं धरायचं, एक मी, आणि आंगणातून ओसरीत आणायची. मी अर्धा झोपेतच असायचो.

ती म्हणाली, "सरळ धर. वाकडं नको करू."

हे ती रोज म्हणायची.

मी म्हणालो, "सांजच्यालेच आत घेतल्या असत्या तं ह्या थंडीत उठा लागलं नसतं."

हे मी रोज म्हणायचो.

मग तिनं चहा मांडला. चहासोबत एक पापडी भाजून खाल्ली. तिची ती सवय होती. दुपारी धानाच्या पोत्याला टेकून बसली ती उठलीच नाही. सिंदेवाहीच्या दवाखान्यात म्हणाले चंद्रपूरला न्या. वाटेतलं मूल गाव यायच्या आधीच सगळं संपलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात काही चुकलं तर तुम्ही समजून घ्या. पण इतक्या लांब जाऊन आलो, आणि आमच्या भागातले लोक भेटले की एकच विचारतात, "विमानात भेव नाई वाटलं का?" विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. बसलो आणि उतरलो. सांगण्यासारखं दुसरंच आहे.

निघायच्या आधी

आमच्या गावात बायांचा बचत गट आहे. नवीन धान निघालं की होळीपर्यंत ह्या बाया वाफेवरच्या तांदळाच्या पापड्या करतात. भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधायचं, खाली पाणी उकळायचं, कापडावर पातळ पीठ पळीभर ओतून पसरायचं, झाकण ठेवायचं. शिजली की अलगद उचलून तट्टीवर टाकायची. कौसल्या गटाची कारभारीण. काम आमच्याच आंगणात चालायचं आणि चूल माझ्याकडं. पीठ मला कळत नाही, जाळ कळतो.

चंद्रपूरच्या एका संस्थेनं ठरवलं की गटाला व्हिएतनामला न्यायचं. तिथं घरोघरी हाच धंदा चालतो आणि माल देशोदेशी जातो. बसून ऐकायचं नाही, त्यांच्या घरी राहून त्यांच्यासोबत काम करायचं आणि शिकायचं. गटाच्या बाया आणि चुलीवरचा एक माणूस. दिवाळीत आमचे पासपोर्ट निघाले. कौसल्या आपला फोटो पाहून म्हणाली, "चोरावानी दिसून राह्यली मी."

ती गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. आमच्यात ज्या घरात मयत झाली त्या घरात वर्षभर पापड, कुरड्या, लोणचं घालत नाहीत. शेजारचे आणून देतात तेवढं खायचं. म्हणून काम माझ्या आंगणातून सुमनबाईच्या आंगणात गेलं. सुमनबाई गटाची दुसरी कारभारीण, कौसल्याची जिवाभावाची मैत्रीण. आणि तिथं पापड्या फुटू लागल्या. कडा वर यायच्या, चिरा पडायच्या, पिशवीत भरेपर्यंत चुरा. सिंदेवाहीचे शकूरभाई इतकी वर्षं आमचा माल घेतात. ते सुमनबाईला म्हणाले, "बहन, कौसल्याबाई का हाथ गया तो माल भी गया क्या? होली तक देखता हूँ. बाद में दुसरीकडून घ्यावं लागेल."

गटातल्या निम्म्या बाया म्हणू लागल्या, गट मोडून टाकू. व्हिएतनामला मी जाणार नव्हतो. सुमनबाई दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, पासपोर्ट हाय, तिकीट हाय. काऊन नाई म्हणता?"

"तिच्या नावाची सीट रिकामी जाईल. मले पाहवणार नाई."

"मंग त्या सीटवर तुमची पिशवी ठेवजा. पण चला."

मी कपड्यांच्या मधात एक स्टीलचा डबा ठेवला. त्यात कौसल्यानं भरलेल्या शेवटच्या पापड्या होत्या. घरी ठेवल्या तर उंदीर लागतील, असं मी स्वतःला सांगितलं.

सायगावच्या पुढं

सायगावच्या विमानतळावर माझा खर्रा काढून घेतला. तिथल्या पोराला वास घेऊनही कळेना काय आहे ते. मी म्हणालो, "सुपारी, तंबाखू, चुना. खाऊन पाह्य." सोबतच्या वैशाली मॅडम, संस्थेच्या, त्यांनी मला हाताला धरून पुढं ओढलं. म्हणाल्या, "काका, इथं गंमत नको." गंमत कुठं करत होतो? दहा-बारा दिवस खर्र्यावाचून काढले. जगलो.

सायगाव शहरात मोटारसायकली अशा वाहतात की रस्ता ओलांडायचा म्हणजे डोळे मिटून चालायचं, त्या आपोआप बाजूनं जातात. मला ते शहर काही आठवत नाही. गाडी तिथून कंबोडियाच्या बाजूला वळली आणि दोन्हीकडं भातशेतीच्या बांध्या लागल्या. हिरवं धान. बांधावर उभी गाय. सुमनबाई म्हणाली, "हे तं नवरगावकडचं दिसून राह्यलं!" खरंच तसं होतं. फक्त जंगल नव्हतं. मी विचारलं, इथं वाघ आहेत का? उत्तर आलं, आजोबांच्या वेळी होते म्हणतात. मी मनात म्हणालो, भाग्यवान आहात, किंवा नाही आहात, मला कळत नाही. आमच्याकडं हिवाळ्यात पहाटे बाई आंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. गटाच्या बायासुद्धा चांगलं फटफटल्यावरच घराबाहेर निघतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

जिच्या घरी आम्हाला ठेवलं ती म्हातारी माझ्याच वयाची. तिला सगळे बा हाय म्हणत. बा म्हणजे आजी, हाय म्हणजे दोन. ती घरात सगळ्यांत थोरली, तरी दोन नंबर. त्या भागात पहिल्या लेकराला एक म्हणतच नाहीत, दोनपासून मोजणी. सुमनबाईनं विचारलं, मग एक कोण? कोणालाच सांगता आलं नाही.

बोलण्याची व्यवस्था अशी होती. म्हातारी बोलायची, तिची नात लान, कॉलेजात शिकणारी पोट्टी, ते इंग्रजीत सांगायची, वैशाली मॅडम मराठीत, आणि सुमनबाई तेच पुन्हा माझ्या कानाशी ओरडून, जसा मी बहिरा आहे.

भुसा आणि झोळी

तिच्या घराच्या मागं गेलो आणि मी थांबलोच. बांबूच्या तट्ट्या. तशाच विणीच्या, तेवढ्याच लांब, उतरत्या उभ्या केलेल्या, आणि त्यांवर तांदळाच्या गोल पापड्या. त्या लोकांनी कुणाकडून शिकलं, की आमच्या बुरडांनी? मला वाटतं ज्याच्याकडं बांबू आणि धान आहे त्याला दुसरं काही सुचतच नाही.

चूल मात्र माझ्यापेक्षा हुशार होती. लाकूड नाही, धानाचा भुसा. वरून एका तिरप्या डब्यातून भुसा आपोआप घसरत येतो आणि जळतो. आमच्याकडं राईस मिलच्या मागं भुशाचे डोंगर पडलेले असतात, त्यांना आग लावून टाकतात, आठ-आठ दिवस धूर. आणि आम्ही सरपणासाठी जंगलात जातो, जिथं वाघ बसलेला. ती चूल मी पहिल्या दिवशी अर्धा दिवस नुसता वाकून पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी मला बसवलं. मी आमच्या सवयीनं जाळ मोठा केला. वाफ अशी उसळली की कापडावरची पापडी फुगून फाटली. बा हायनं माझ्या हातावर चापट मारली. इतक्या जोरात मला मास्तरांनीपण मारलं नव्हतं. बाया खो खो हसल्या. मग तिनं माझा हात धरून डब्याखालची पट्टी किती सरकवायची ते दाखवलं. बोटभर नाही, नखभर. मला जमलं तशी ती मान हलवून आत गेली आणि बर्फ घातलेली काळी कॉफी घेऊन आली, खाली घट्ट गोड दूध. कॉफीत बर्फ टाकणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. ग्लास रिकामा केला, दुसरा मागितला.

जेवायला सकाळ, दुपार, संध्याकाळ भात. आम्हा झाडीपट्टीच्या माणसांना याहून काय पाहिजे? मासेही आमच्या बोडीतल्या, शेतातल्या तळ्यातल्या, माशांसारखे. पण माशांचं एक आंबवलेलं पाणी सगळ्यावर ओततात, त्याचा वास आमच्या सुकटाच्या दहापट. आणि पाला! ताटभर कच्चा पाला, पापडी ओली करून त्यात गुंडाळून खायचा. सुमनबाई म्हणाली, "भाऊ, आपण बकऱ्या झालो." पण तिनंच सगळ्यांत जास्त खाल्ला.

दुपारी ते लोक झोळीत झोपतात. आमच्याकडं झोळीत लेकरू झोपवतात. मी चढलो आणि दुसऱ्या बाजूनं खाली पडलो. कंबर अजून दुखते. बा हाय धावत आली, मला काही लागलं नाही असं पाहिलं, आणि मग पोट धरून हसली. मी पण हसलो. घरी तीन महिन्यांत हसलो नव्हतो, हे हसून झाल्यावर ध्यानात आलं.

डबा

मग एक दिवस ती म्हणाली, तुमचा माल दाखवा. सुमनबाईनं पिशवी काढली. तिच्या आंगणातल्या पापड्या, बहुतेक चुराच. बा हायनं एक तुकडा उचलला, कड नखानं तपासली.

"हे फार भरकन वाळलं," लान आणि मॅडमकडून उत्तर आलं.

"पण आधी नाई फुटत होत्या," सुमनबाई म्हणाली. "तांदूळ थोच, पीठ थेच, वाफ तीच. कौसल्याबाई होती तवा एक फुटत नव्हती." आणि मग ती माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमच्याजवळ बाईच्या हायेत."

"नाई."

"हायेत. तुमच्या बॅगेत डबा वाजते."

"थ्या दाखवाच्या नाईत."

"दाखवाच्या नाई तं का पुजाच्या हायेत?"

मी उठलो आणि चुलीजवळ जाऊन बसलो. सुमनबाईवर राग नव्हता. तिचा गट बुडत होता, ती खरं बोलली. पण त्या डब्यातली एक कमी झाली की एक कमीच होणार होती.

थोड्या वेळानं बा हाय येऊन शेजारी उकिडवी बसली. लान नव्हती, मॅडम नव्हत्या. तिच्या सदऱ्याच्या छातीवर एक काळ्या कापडाचा तुकडा टाचलेला होता. मी तो पहिल्या दिवसापासून पाहत होतो, वाटलं ठिगळ असेल. तिनं त्या तुकड्याला बोट लावलं, मग माझ्याकडं बोट केलं. तेव्हा कळलं, तो दुखवट्याचा. मी होय म्हणून मान हलवली.

तिनं मला हाताला धरून घरात नेलं. भिंतीपाशी उंच देव्हारा, त्यात टोपी घातलेल्या माणसाचा फोटो. पुढं उदबत्ती, फळं, बर्फ वितळून गेलेली कॉफी आणि त्याच दिवशीची एक पापडी.

मी लानला आणि मॅडमना बोलावलं. हे विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"इले विचारा, नवरा कधी गेला?"

गेल्या वर्षी, पावसात.

"मंग अजून वर्ष नाई झालं. तुमच्यात पाळत नाईत का?"

पाळतो, ती म्हणाली. घरात लग्न करत नाही. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मी कुणाच्या दारात पाय ठेवला नाही, त्यांना अपशकुन नको.

"आणि हे?" मी पापडीकडं बोट केलं. "हे कसं करता?"

तिला माझा प्रश्नच कळेना. लाननं दोनदा सांगितलं. मग ती माझ्यावर रागावल्यासारखी बोलली, आणि मॅडम सांगताना जरा अडखळल्या. "काका, ती म्हणते, तो दुसरं काय खायचा? हेच. मी हे बंद केलं तर त्याच्यापुढं ठेवू काय?"

मी जाऊन डबा आणला.

बा हायनं कौसल्याची पापडी घेतली. दोन बोटांत धरून हळूच वाकवली. पापडी किंचित वाकली, मोडली नाही. उजेडासमोर धरून पाहिली. मग विचारलं, "ह्या रात्रभर बाहेर होत्या ना? सकाळी आत कोण आणायचं?"

मी म्हणालो, "मी अन् थे."

"ऊन यायच्या आधी?"

"लय आधी. मले झोप येत राहे."

म्हातारी हसली. म्हणाली, मग मला काय विचारता? हे तुम्हालाच ठाऊक आहे.

तिचं म्हणणं असं. दुपारी उन्हात पापडी वरवर वाळवायची. मग रात्री उघड्यावर ठेवायची, दव प्यायला. त्यानं ती नरम पडते, कडा बसतात. ऊन चढायच्या आत उचलायची आणि पुढं सावलीत हळूहळू वाळू द्यायची. तिच्या गावात सगळे असंच करतात. कौसल्याला कुणी सांगितलं होतं? तिच्या मायनं असेल. ती कधी बोलली नाही, कारण तिला ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नसेल. आणि बायांना कुठून कळणार? त्या यायच्या उजाडल्यावर, वाघाच्या भीतीनं. तोवर तट्ट्या ओसरीत. त्यांना वाटायचं रात्रीच आत घेतल्या. मला वाटायचं कौसल्याला संध्याकाळी कंटाळा येतो.

सुमनबाई खाली बसली. "पण माह्या आंगणात नाई ना ठेवता येत," ती म्हणाली. "माह्यं घर गावाच्या कडेले. रात्री डुकरं येतात, एक पापडी ठेवणार नाईत. म्हणूनच तं मी एका दिवसात कडक उन्हात वाळवून आत घेतो."

बाया माझ्याकडं पाहू लागल्या. गावाच्या मधात, चारी बाजूंनी कुंपण असलेलं एकच आंगण आहे. मयतीच्या घराचं.

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही जर—"

"तुम्ही चूप राहा मॅडम," सुमनबाई म्हणाली. "त्यायले नका विचारू. त्यायचं त्यायले ठरवू द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी लवकर उठलो. बा हाय परसात उभी होती. तिच्या तट्टीचं दुसरं टोक धरायला शेजारची एक बाई यायची, ती अजून आली नव्हती. मी जाऊन ते धरलं. चार पावलं गेलो तोच ती मागून काहीतरी बोलली. भाषांतराला कोणी नव्हतं, लागलंही नाही. सरळ धर म्हणाली असेल.

आंगण

निघताना तिनं मला भुशाच्या डब्याचं माप काडीनं घेऊ दिलं. ती काडी बॅगेत घालून आणली. सिंदेवाहीच्या लोहारानं पाहून दिवसभरात डबा करून दिला. राईस मिलवाल्यानं भुसा दिला आणि वर म्हणाला, "जेवढा पाह्यजे तेवढा ने बाप्पा, माह्यी कटकट जाईल."

मी आंगणात चूल मांडू लागलो तशी कुंपणापलीकडून माझी थोरली वहिनी आली. माझ्या मेलेल्या भावाची बायको. आम्हा दोन घरांत एकच काट्यांचं कुंपण.

"हे का करून राह्यले?"

"पापड्या घालतो."

"वर्ष नाई झालं! बाई जाऊन तीन महिने झाले अन् तुमच्या घरी पापड? लोकं का म्हणतील?"

"खातील अन् चांगल्या झाल्या म्हणतील."

"मस्करी नोका करू भाऊजी. ज्यानं त्यानं पाळलं. तुमचे भाऊ गेले तवा मी वर्षभर लोणच्याची बरणी उघडली नाई."

ते खरं होतं. मी पाहिलं होतं. मी हातातली वीट खाली ठेवली.

"वहिनी, मी रोज तिच्या फोटोपुढं भात ठेवतो. तिले भात कधी आवडला? तिले चहासोबत भाजली पापडी लागे. ते मी दुसऱ्याच्या घरून मागून आणू का? जे तिच्या हातचं होतं ते?"

वहिनी वळली. घरात गेली आणि दार लावून घेतलं. चांगलं वाजवून लावलं.

दुपारी सुमनबाई पीठ घेऊन आली. मागून दोन बाया, मग आणखी एक. बाकीच्या आल्या नाहीत, त्या वहिनीच्या बाजूच्या. मी भुसा टाकला, पट्टी नखभर सरकवली. भुशाचा जाळ निळसर दिसतो. पहिली पापडी उतरली ती सुमनबाईनं वेगळ्या ताटलीत ठेवली आणि मला न विचारता आत कौसल्याच्या फोटोपुढं नेऊन ठेवली. सांजच्याला बाया घरी गेल्या. तट्ट्या आंगणातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो, कोणी न उठवता. दव इतकं होतं की तट्टीचा बांबू हाताला ओला लागला. पापडीची कड चाचपली. वर आली नव्हती. सपाट होती.

आता उचलायची कशी? बाया उजाडल्याशिवाय येणार नाहीत आणि उजाडलं की ऊन. मी एका टोकाखाली बादली उपडी ठेवली, दुसरं टोक उचललं आणि ओढायला लागलो. तट्टी मधात झुकली, पापड्या घसरू लागल्या. मी थांबलो. तसाच ओणवा.

कुंपणापलीकडं दार उघडल्याचा आवाज आला.

"वाकडं होऊन राह्यलं," वहिनी म्हणाली.

मी वर पाहिलं नाही. ती कुंपणातलं फाटक उघडून आली, डोक्यावर शाल घेतलेली, रागानं फणफणत.

"रोज आयकत होती मी पलीकडून. 'सरळ धर, वाकडं नको करू.' रोज. आता तीन महिने झाले, आवाज नाई तं मले जागच येत नाई वेळेवर." तिनं पायानं बादली बाजूला सारली आणि वाकली. "धरा सरळ."

मी माझं टोक उचललं.